पायपुसण्याखालची वीज

माझ्या बायकोचे मामा हे अख्ख्या गोव्यातले एकमेव गृहस्थ असतील, ज्यांना माणूस स्वस्थ बसलेला बघवत नाही आणि हलताना दिसला तर त्याहून बघवत नाही. स्वस्थ बसलेला माणूस त्यांच्या मते आळशी आणि हलणारा उधळ्या. कारण हलण्यात वीज असते आणि ती आपण सगळे दिवसभर सांडत हिंडतो, असं त्यांचं ठाम मत आहे. तुम्ही-आम्ही पंख्याखाली बसलो की वारा खातो. मामा पंख्याखाली बसले की पंखा छताला कसे हादरे देतोय तिकडे डोळे लावतात. लग्नात वाजंत्री सुरू झाली की बाकीचे अक्षता शोधतात, हे मंडपाच्या खांबाला तळहात लावून उभे. "कसला थरथरतो आहे बघा," असं हळहळत म्हणतात, "आणि कुणालाच काही नाही त्याचं!" नवरानवरीला आशीर्वाद द्यायची आठवण त्यांना मामी कोपराने ढोसून करून देतात.

माझी त्यांची पहिली भेट मी मुलगी बघायला गेलो तेव्हाची. घाबरलो की माझा उजवा गुडघा हलायला लागतो. त्या दिवशी तो असा काही सुटला होता, की समोरच्या बशीतले चिवड्याचे शेंगदाणे एका कडेला जमा झाले. आईने दोनदा चिमटा काढला. मुलीकडची वडीलधारी मंडळी माझी बँकेतली नोकरी, डिचोलीचं घर, कुळागर म्हणजे पोफळी-माडांची बाग कुठे आणि किती, अशी रीतसर चौकशी करत होती. एक उंच, बारीक गृहस्थ मात्र खुर्ची पुढे ओढून थेट माझ्या गुडघ्याकडे टक लावून बसले होते. शेवटी कुणीतरी त्यांचं मत विचारलं. "मुलगा चांगला आहे," मामा म्हणाले, "एक बारीक दिवा आरामात चालेल त्याच्यावर." दिव्याचं कुणालाच कळलं नाही, पण 'चांगला आहे' एवढं सगळ्यांनी ऐकलं आणि पुढच्या बोलण्याला लागले. आपलं लग्न नवऱ्याच्या पगारावर नाही, गुडघ्यावर ठरलं, असं माझी बायको अजून चारचौघांत सांगते.

कुणाला वाटेल मामा इंजिनियर असतील. मामांनी पेडण्याच्या एका हायस्कुलात जन्मभर भूगोल शिकवला. त्यातही भूकंप हा त्यांचा जीव की प्राण. तो धडा शिकवताना ते टेबल इतकं मनापासून हलवायचे, की शेजारच्या वर्गातले मास्तर बघायला यायचे. निवृत्त झाल्यावर शाळेने त्यांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. घड्याळ बॅटरीवरचं निघालं म्हणून त्यांनी ते पुतण्याला देऊन टाकलं. त्यांच्या स्वतःच्या मनगटावर त्यांच्या काकांनी बोटीवरून आणलेलं जुनं घड्याळ आहे. त्याला ना चावी, ना बॅटरी. आत एक वजन लोंबतं, हात हलला की ते फिरतं आणि घड्याळ आपोआप भरलं जातं. माणसाने चालावं आणि त्याच्या चालण्यावर वेळ चालावी, यापरतं शहाणपण जगात नाही, असं ते सांगतात. एकदा तापाने ते अंथरुणाला खिळले तेव्हा मी मोसंबी घेऊन गेलो. मोसंब्यांकडे न बघता त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातावर बांधलं. "जावयबापू, कालपासून बंद पडलं आहे हो. ह्याला जरा बाजारात फिरवून आणा." मी पेडण्याचा बाजार एक हात झुलवत पालथा घातला. ओळखीच्या एका दुकानदाराने काळजीने विचारलं, "हाताक कितें जालां?" मी म्हटलं, सासुरवाडीचं काम आहे. त्यावर त्याने सहानुभूतीने मान हलवली आणि पुढे काही विचारलं नाही.

माझ्या डिचोलीच्या घरावर मामांचा फार जीव. त्याचं कारण आम्ही नव्हे, तर आमच्या दारावरून जाणारे खाणीचे ट्रक. भरलेला ट्रक गेला की आमच्या घराची कौलं बोलायची, फडताळातली भांडी एकमेकींवर आपटायची आणि धुळीने जीव नकोसा व्हायचा. मामा डोळे मिटून ऐकत बसायचे. "काय थरथर आहे तुमच्या घरात! नशीबवान आहात," असं मला वर म्हणायचे. येताना खिशातून पितळी चकत्या आणायचे. वाढदिवसाचं गाणं म्हणणारी कार्डं, पीं पीं करणारी खेळणी, गजराची घड्याळं यांच्या पोटात रुपयाएवढी एक चकती असते, वर पांढरा लेप असलेली. तिला वीज दिली की ती वाजते. उलट तिला दाबली, ठोकली, हलवली की ती वीज देते, अगदी चिमूटभर. हे ज्ञान मामांना झाल्यापासून त्यांच्या वाड्यावरच्या मुलांची खेळणी वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी मुकी व्हायला लागली. तर अशी एक चकती त्यांनी आमच्या जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, काचेला चिकटवली, तिला मोहरीएवढा तांबडा दिवा जोडला आणि आम्हा सगळ्यांना समोर बसवलं. ट्रक आला. काच थरारली. दिवा डोळा मारल्यासारखा एकदा लुकलुकला आणि विझला. मामांना भरून आलं. पुढे खाणी बंद पडल्या, तेव्हा डिचोलीत ज्याचं त्याचं काहीतरी गेलं. कुणाचे ट्रक उभे राहिले, कुणाची गॅरेजं ओस पडली. आमची थरथर गेली म्हणून हळहळलेला माणूस मात्र एकच.

मग ते थरथरीच्या शोधात निघाले. पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलीच्या मागच्या चाकाला चकती लावून झाली. ती पावाच्या टोपलीतून कुणाच्या तरी चहात पोचली. मामींच्या आडोळीला, म्हणजे नारळ खोवायच्या विळीला, त्यांनी गॅस पेटवायच्या लायटरचा चाप बसवला. त्याने दिवा लागला नाही, पण प्रत्येक खोवण्याला मामींच्या बोटांना झिणझिण्या आल्या. मामी कुलेर, म्हणजे मोठा डाव, घेऊन मागे लागल्या आणि मामा तुळशीवृंदावनाला तीन प्रदक्षिणा घालून वाचले. त्या धावपळीत घड्याळ दोन दिवसांचं भरलं असं त्यांनी मला नंतर समाधानाने सांगितलं. एकदा तर मला स्कूटर काढायला लावून ते हरमलच्या किनाऱ्यावर गेले. तिथे सूर्य मावळायच्या वेळी परदेशी पाहुणे गोल करून ढोल बडवतात, हे त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. मामा धोतर सावरत त्या गोलात शिरले आणि एका दाढीवाल्या गोऱ्याच्या ढोलाला त्यांनी मेणाने चकती चिकटवली. त्या बिचाऱ्याला हा काही विधी वाटला. त्याने ढोल बाजूला ठेवून मामांच्या पायांवर डोकं ठेवलं. पाठोपाठ बाकीचेही ओळीने आले. मामा प्रत्येकाला उठवून म्हणत होते, "अरे बाबा, पाया नाका पडूं, वाजय, वाजय!" पण सूर्य बुडेपर्यंत कुणी एक थाप मारली नाही. घरी येताना मागे बसून ते वाटभर चडफडत होते.

या सगळ्याचा कळस झाला तो चवथीला. आमच्याकडे गोव्यात चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, घुमट-आरती असते. घुमट म्हणजे मातीचं मडकं, एका तोंडावर कातडं ताणलेलं. जोडीला शामेळ हा लहान ढोल आणि कासाळें म्हणजे झांजा असल्या की घराच्या भिंती थरथरतात, त्यामुळे मामा वर्षभर त्या दिवसाकडे डोळे लावून असतात. मामा घुमट फार छान वाजवतात, हे मी चिडलेला असलो तरी मान्य करतो. त्या वर्षी त्यांनी आपल्या सगळ्यात चांगल्या चकत्या घुमटाच्या आतून कातड्याला मेणाने चिकटवल्या आणि दिवा घरच्या गणपतीच्या पायाशी, वर फळं-सुपाऱ्या बांधून टांगलेल्या माटोळीखाली ठेवला. आरतीच्या ठोक्याठोक्याला देवापुढे उजेड पडणार होता. सगळं जमलं होतं. पण घुमटाचं कातडं पावसाळी हवेत सैल पडतं, म्हणून वाजवण्याआधी ते निखाऱ्यांवर शेकून घ्यायचं असतं. मामांनी जन्मभराच्या सवयीने ते उचललं आणि अगदी मन लावून शेकलं. मेण वितळलं आणि चकत्या मडक्यात पडल्या. आरती सुरू झाली ती खुळखुळ्यावर. शामेळ वाजवणारे त्यांचे भाऊ मामांकडे बघत राहिले, मुलं तोंडात रुमाल कोंबून खिदळली. गणपतीच्या चेहऱ्यात मात्र फरक पडला नाही. त्या वाड्यावरच्या आरत्या ऐकून त्याची तयारी झालेली असावी. मामांनी मान खाली घालून आरती पुरी केली. प्रसाद वाटताना मामी त्यांच्याजवळ आल्या आणि कौतुकाने म्हणाल्या, "ह्या वर्सा बरां वाजयलात." सगळे हसले. मला मात्र तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं, की मामींना आता काहीच ऐकू येत नाही.

कान हळूहळू जात होते हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मामा-मामींचा मुलगा उल्हास वास्कोला बंदरात यंत्रांच्या देखभालीवर आहे. त्याने आईला कानात घालायचं यंत्र आणून दिलं होतं. मामींनी ते काही दिवस वापरलं आणि मग मिठाच्या बरणीशेजारी ठेवून दिलं. "सगळो गाव एकदम कानात येता," त्या म्हणायच्या, "आनी सगळ्यांत मोठो ह्यांचो आवाज." त्याची बॅटरी नखाएवढी आणि नेमकी नको तेव्हा संपणारी. मामांनी ते मामींच्या बांगड्यांच्या हलण्यावर चालवायची खटपट करून पाहिली. पण चकतीची वीज दिव्याला एकदा डोळा मारायला पुरते, कानाला दिवसभर पुरत नाही. अपयशाचं कारण ते असं सांगायचे, की मामी हल्ली पूर्वीसारख्या भांडत नाहीत, त्यामुळे हात कमी हलतात.

त्या चवथीनंतर काही महिन्यांनी एका दुपारी उल्हास न कळवता आला. मामा बाजारात गेले होते. दार सताड उघडं. त्याने सोप्यावरून हाक मारली, कडी वाजवली, मग आत गेला. मामी नीरफणसाची कापं तळत होत्या. मागून खांद्यावर हात पडताच त्या अशा दचकल्या, की कढई कलंडली आणि उकळतं तेल मनगटावर आलं. जखम पुढे भरली, पण उल्हास हादरला तो हादरलाच. "मी होतो म्हणून," तो मला फोनवर सांगत होता, "दुसरो कोण आसलो तर? बाबा दिवसभर गावभर. आई घरात एकटी, कोण येता कोण वता तिका कळना." त्याने दाराला बॅटरीवरची घंटा बसवली, वाजली की स्वयंपाकघरात दिवा लागणारी. उत्तम वस्तू होती. महिनाभराने तो पुन्हा आला तेव्हा ती मुकी. घंटा आपणहून बिघडली असं मामा सांगत होते. उल्हासने ती उघडली, तर आतली चकती गायब.

त्या दिवशी बापलेकांचं जे झालं त्याला मी साक्षी होतो. उल्हास ओरडला नाही, हेच जास्त वाईट. तो शांतपणे म्हणाला, "बाबा, चवथ जाली की दोगांयनी वास्कोक येवचें. घराक कुलूप घालूंया." मामी त्याच्या ओठांकडे बघत होत्या. त्यांना बरोबर कळलं. "वास्कोक माका कोण वळखता रे?" एवढंच त्या म्हणाल्या. आणि ते खरं होतं. इथे पोदेर त्यांच्यासमोर उभा राहून बोटांनी विचारतो, आज उंडे किती. मासळीवाली टोपली पुढे करून एकेक मासा उचलून दाखवते. शेजारीण काही सांगायचं असलं की कुंपणावरून लुगडं हलवते. सगळा वाडा त्यांच्याशी तोंड वळवून बोलायला शिकला आहे, त्यामुळे आपण बहिऱ्या आहोत हे मामींना इथे दिवसचे दिवस आठवत नाही. वास्कोला उल्हासच्या चौथ्या मजल्यावर, बंद दारांच्या जिन्यात, ते त्यांना रोज आठवलं असतं.  पुढचे दोन दिवस मामा सोप्यावरच्या खुर्चीत नुसते बसून होते. ताप नसताना त्यांचं घड्याळ बंद पडलं ते तेवढ्याच वेळी.

तिसऱ्या दिवशी मला बँकेत फोन आला. "जावयबापू, रजा काढा." मी गेलो तर मामा उंबऱ्यापाशी पालथे पडलेले आणि शेजारी फणसाच्या लाकडाचा जुना पाट. त्या पाटाखाली त्यांनी आपली सगळी इस्टेट मांडली होती: घुमटातल्या चकत्या, घंटेतली चकती, आमच्या जनेलावरची चकती, आणि अर्थातच अनेक मुक्या खेळण्यांचे आत्मे. माणूस घरात यायचा तर दारात पाय पुसणारच. पायाने पाट दबेल, पाट चकत्या दाबेल, वीज तारेतून वाशावरून स्वयंपाकघरात जाईल आणि चुलीवरच्या फळीवर दिवा लागेल. बॅटरी नाही, बटण नाही, संपायला काही नाही. मी दिवसभर शिडीवर उभा राहून तार धरली. पहिल्यांदा पाट इतका सैल बसला, की मांजर आलं तरी दिवा लागला. मग इतका घट्ट, की आम्ही दोघं त्यावर चढलो तरी लागेना. संध्याकाळी मामांनी पाटावर काथ्याचं पायपुसणं अंथरलं आणि बाजारातून आल्यासारखे सहज चालत आत आले. आतून मामींची किंकाळी आली, "पेटलो! पेटलो!" मामा बाहेर गेले आणि परत आत आले. पुन्हा गेले, पुन्हा आले. दर खेपेला मामी लहान मुलीसारख्या हसत होत्या. त्या घराच्या दारातून एका माणसाने एका संध्याकाळी एवढ्यांदा घरी येण्याचा प्रकार पूर्वी झाला नसावा.

चवथीला उल्हास बायको-मुलांसह आला. दिवा बघून तो प्रभावित झाला नाही. "दिवो पेटता, पण कोण आयलो तें कशें कळतलें?" मामी म्हणाल्या, "तूं हांगां माजेफुडें रव." त्या दाराकडे पाठ करून चुलीसमोर बसल्या. आम्ही एकेक करून पायपुसण्यावरून आत आलो आणि मामी दिव्याकडे बघत सांगत गेल्या. "ही तुजी बायल, घायघायत चलता. हो जावय, पाय पुसतापुसता गुडघो हालयता." आम्ही सगळे चाट पडलो. सगळ्यांच्या मागून मामा आले. मामींनी दिव्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. "हे आमचे हे," असं म्हणून त्या लाजल्या. या वयात माणूस लाजताना बघितलं की आपण दुसरीकडे बघावं, म्हणून मी माटोळीतल्या सुपाऱ्या मोजायला लागलो. उल्हासने वाशावरची तार चुलीपासून दारापर्यंत नजरेने तपासली. मग म्हणाला, "बरें. रावात तर. फुडल्या चवथीक पळोवंया." म्हणजे पुढच्या चवथीला पुन्हा बघू.

तेव्हापासून त्या घरातली चवथ म्हणजे परीक्षा झाली. आरती होते, मोदक होतात आणि मग उल्हास चुलीसमोर आईशेजारी उभा राहून दिवा बघतो. दोन-तीन चवथी अशा सुखाने गेल्या. मामा वाड्यावर ताठ मानेने हिंडत. मामींच्या दिव्याचं कौतुक करायला लोक येत आणि जाताना आपल्या मुलांची खेळणी घट्ट धरून नेत.

यंदाच्या मिरगानंतर मी गेलो तेव्हा मामींनी मला आत बोलावून हळूच सांगितलं. त्यांचं हळू म्हणजे सोप्यापर्यंत जाणारं, पण सुदैवाने मामा घरात नव्हते. "जावयांनू, ह्यांचो दिवो हल्ली बारीक पेटता." मी म्हटलं, चकत्या जुन्या झाल्या असतील. मामांनाही तसंच वाटलं होतं. त्यांनी पाट उचलून सगळ्या चकत्या बदलल्या. त्यानंतर माझा दिवा जोरात लागला, पोदेराचा लागला, मासळीवालीचा तर डोळे दिपवणारा लागला. मामांचा होता तसाच बारीक. पाट ठणठणीत होता. पाय हलके पडत होते. मामांनी त्यावर एक शब्द काढला नाही, आणि जो माणूस स्वतःच्या शिंकेवरही व्याख्यान देतो, त्याचं गप्प राहणं मला जड गेलं.

महिन्याभराने मी पुन्हा सोप्यावर बसलो होतो. मामा बाजारातून आले. मी खांबाआड होतो, त्यांनी मला पाहिलं नाही. दारात येऊन त्यांनी पिशवी खाली ठेवली. इकडेतिकडे बघितलं. चौकटीला दोन्ही हातांनी धरलं, धोतर जरा वर घेतलं, आणि पंचाहत्तरीच्या पुढच्या त्या गृहस्थाने पायपुसण्यावर दोन्ही पायांनी उडी मारली. धप्प! उंबऱ्याची धूळ उडाली. मग पिशवी उचलून, दम खात, काही न झाल्यासारखे ते आत गेले. मला हसू यायला हवं होतं. मी चपला हातात घेऊन सोप्यावरून खाली उतरलो.

मी मागच्या दाराने स्वयंपाकघरात गेलो. मामी चहाचं आधण ठेवत होत्या. माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी ओळखलं. "उडी मारली मगो?" मी मान हलवली. त्यांना कसं कळलं असं मी हातानेच विचारलं. "चलपी मनशाचे दोन उजेड येतत," त्या म्हणाल्या, "एक पाय, मागीर दुसरो. ह्यांचो एकच येता, मोठो. मनीस दोनय पाय एकदम कित्याक टाकता?" मग तुम्ही त्यांना सांगत का नाही, असं मी विचारलं. मामींनी चहात साखर घातली, नेहमीपेक्षा एक चमचा जास्त. "कित्याक सांगू? माका भंय दिसूं नये म्हणान मारता ते उडी. पूण चवथीक उल्हास येतलो. तो यंत्रां पळयता दिसभर. तेका फसोवंक जमचां ना."

त्या चवथीला माझा गुडघा मुलगी बघायला गेलो होतो त्यापेक्षा जोरात हलत होता. आरती झाली. मामांनी घुमट वाजवलं. हात मात्र पूर्वीसारखाच पडत होता. मग परीक्षा सुरू झाली. आम्ही एकेक आत आलो. उल्हास आईशेजारी हाताची घडी घालून उभा. शेवटी मामा. बाहेर धप्प झालं आणि फळीवरचा दिवा एकदाच, लखकन, मोठा लागला. मामी उल्हासकडे बघेनात. मी माटोळीकडे बघायला लागलो. उल्हास त्या विझलेल्या दिव्याकडे बघत राहिला. "बाबांचो दिवो अजून बरो पेटता," शेवटी तो म्हणाला, आईला दिसेल असं तोंड वळवून. मामींनी पदराने चूल पुसली. चूल आधीच पुसलेली होती.

संध्याकाळी निघताना त्याने मला गाडीपाशी गाठलं. "एकच उजेड आयलो, पळयलो मरे तूं?" मी त्याच्या गाडीचं दार उघडून धरलं. "उडी मारतात ते. चौकटीक धरून. एक दीस पडटले." मला वाटलं, झालं, आता कुलूप. पण तो गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवत उभा राहिला. "दाराक एक लोखंडी दांडी बसोवन घे, धरूंक. आईखातीर म्हण. ते उडी मारतात तें आमकां कळलां अशें सांगू नाका." मग गाडीत बसता बसता म्हणाला, "फुडल्या चवथीक पळोवंया."

दांडी मी बसवून घेतली. मामींसाठी आहे हे मामांना लगेच पटलं. "बसवा, बसवा. म्हातारी झाली ती आता," असं म्हणून त्यांनी पहिल्याच दिवशी दांडीलाही एक चकती चिकटवली, मामी धरणार, दाबणार, ते फुकट का घालवायचं! मामींनी त्या दांडीला अजून बोट लावलेलं नाही. आणि मला सांगायला जरा संकोच वाटतो, पण दांडीच्या आधाराने मामांची उडी पूर्वीपेक्षा उंच जाते.

परवा मी पेडण्याला गेलो होतो. सोप्यावर बसलो असताना मामा पावाची पिशवी घेऊन आले. या वेळी मी खांबाआड नव्हतो. आमची नजरानजर झाली. ते दारात थबकले. मी घाईघाईने खिशातून मोबाइल काढला आणि त्यात डोकं खुपसून बसलो.  मग दांडी कुरकुरली आणि धप्प झालं.

"आयलात?" आतून मामींचा आवाज आला, अख्ख्या वाड्याला ऐकू जाईल असा.

"आयलों," मामा म्हणाले. अगदी हळू, चप्पल काढता काढता. तिला ते ऐकू जात नाही हे त्यांना माहीत आहे. तरी रोज म्हणतात.